पाठवणाऱ्यास परत

मिरजेत भोपळा गातो. आता अगदी तोच गळा काढतो असं नाही, पण तंबोऱ्याला भोपळा नसेल तर गवयाला सूर कुठून मिळायचा? माझं माहेर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. शाळेतून येताना दुकानांच्या माळ्यांवर टांगलेले वाळके भोपळे दिसायचे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने ते पोत्यांतून यायचे. मग एखादे म्हातारे कारागीर त्यातला एक मांडीवर घेऊन टिचकी मारायचे आणि कान लावायचे. तेवढा वेळ दुकानातलं कुणी बोलायचं नाही. समोरच्याचं म्हणणं इतकं कान देऊन ऐकून घेतात, हे मी आमच्या घरातल्या माणसांच्या बाबतीतही पाहिलेलं नव्हतं.

पुढे लग्न होऊन दापोलीला आले. इथे भोपळा गात नाही. इथे तो येतो. रोज येतो.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं कात्रण माहेरून आलं तेव्हा मी दुधीची साल काढत होते. बातमी वाचली, आणि परातीतल्या सालांकडे पाहिलं. एकाच कुळातली दोन भावंडं. एक बैठकीत मानाच्या जागी जाऊन बसलं आणि दुसऱ्याची मी चटणी करत होते.

या सगळ्याचं मूळ आमचे अप्पा. अप्पा म्हणजे माझे सासरे. पोस्टात चौतीस वर्षं काढून पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष त्यांनी पुढच्या ओटीवर बसून घराला वळण लावण्यात घालवलं. दूधवाला किती वाजता आला, पेपर किती मिनिटं उशिरा पडला, सून बाजारात जाऊन कधी परतली, सगळ्याची नोंद. दुसऱ्या वर्षी मृगाच्या आठ दिवस आधी सासूबाईंनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. आत राख, आणि राखेत कागदाच्या पुड्या. दुधी, पडवळ, दोडकी, काकडी, लाल भोपळा. डबा अप्पांपुढे ठेवून त्या म्हणाल्या, "हे घ्या आणि मागच्या दारी जा."

सासूबाईंना भाजी हवी होती असा अनेकांचा समज आहे. त्यांना ओटी मोकळी हवी होती. पण ते त्यांनी मला सांगितलं बऱ्याच उशिरा, आणि तोवर मागल्या दारचा मांडव विहिरीपर्यंत पोचला होता.

सूर्य मृग नक्षत्रात जातो ७ जूनच्या सुमाराला. अप्पा ५ तारखेलाच टेबलखुर्ची टाकल्यासारखे परसात हजर. आळी खणली, शेणखत घातलं, राख पसरली, बांबूच्या मेढी रोवून वर काथ्याचं जाळं विणलं. प्रत्येक आळ्यापाशी एकेक पाटी. पाटीवर भाजीचं नाव, पेरल्याची तारीख आणि अप्पांची सही. पहिला पाऊस झाल्यावर सगळ्या सह्या वाहून गेल्या आणि कुठल्या आळ्यात काय ते कुणालाच कळेना. वेलाला दोन पानं फुटेपर्यंत दुधी, दोडका नि भोपळा सख्ख्या जावांसारखे एकसारखेच दिसतात.

दापोलीत परसबाग करायची तर आणखी एक अडचण आहे. इथे कृषी विद्यापीठ आहे. ते १९७२ सालचं. पिनकोडही त्याच साली आला, हे अप्पा दोन्हीकडचा अभिमान राखून सांगतात. विद्यापीठाच्या गावात भाजीबद्दल मत नसलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. ज्याचा मावसभाऊ तिथे शिपाई आहे, तोही कुंपणावरून पान बघून तीन रोगांची नावं घेतो. "पडवळ कुठलं लावलंत? कोकण श्वेता का?" "दोडका कोकण हरिता असता म्हणजे..." अप्पा सगळ्यांना एकच उत्तर देत, "डब्यातलं." लोकांना ते नव्या वाणाचं नाव वाटलं. दोघांनी बी मागून नेलं.

रोपं वर आली तशा गोगलगायी आल्या. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातल्या दर मिलिमीटरमागे एक गोगलगाय असावी. अप्पांनी नातवंडांना कामाला लावलं. दहा गोगलगायींना एक रुपया, संध्याकाळी मोजणी, वहीत नोंद, रोख पैसे. चार दिवस थोरलीने आणि धाकट्याने इमानाने काम केलं. पाचव्या दिवशी आकडा एकदम साठावर गेला, सहाव्या दिवशी नव्वद. अप्पा खूश. मग शेजारचे गुरुजी येऊन म्हणाले, "तुमचा नातू गुणी हो! रोज आमच्या परसातल्या गोगलगायी वेचून नेतो." अप्पांनी वही मिटली. अफरातफरीच्या प्रकरणात पोस्टातून माणसं निलंबित झालेली त्यांनी पाहिली होती. पण या इसमाला अजून दुधाचे दात होते.

जुलैत मांडव भरला. फुलं आली आणि गळू लागली. आली, गळली. अप्पांच्या जिवाला घोर. त्यांनी खताचा दोष काढला, पावसाचा काढला, शेवटी दृष्ट लागल्याचाही काढला. पुन्हा गुरुजीच धावून आले. म्हणाले, "अहो मास्तर, ही सगळी नर फुलं. वेलावर आधी नुसतं वऱ्हाड येतं. नवरी मागून येते. जिच्या देठापाशी बारकासा दुधी दिसेल ती नवरी."

आठवड्याने नवरी आली. पण लग्न लागेना. दुधीचं फूल उमलतं दिवेलागणीला, आणि आमच्याकडच्या पावसात त्या वेळी कुठला पतंग घराबाहेर पडणार? नवरी रात्रभर ताटकळायची आणि सकाळी देठासकट पिवळी पडायची. दोन दिवस अप्पांनी हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डोक्यावर इरलं, तोंडात बॅटरी आणि हातात नर फूल घेऊन ते स्वतः मांडवाखाली शिरले. नराच्या पाकळ्या सोलायच्या, मधला परागाचा भाग नवरीच्या मधोमध हलकेच फिरवायचा. झालं लग्न. दुधी आणि दोडका गोरज मुहूर्तावर. पडवळाची झालर लावल्यासारखी पांढरी फुलं त्याहून उशिरा, म्हणजे जेवणं आटोपल्यावर. लाल भोपळा पहाटेचा. काकडी सकाळची. एका सीझनमध्ये अप्पांनी जेवढी लग्नं लावली तेवढी गावच्या भटजींनीही लावली नसतील, आणि दक्षिणा एकाचीही नाही.

एकदा रात्री नऊच्या सुमाराला मांडवाखालचा उजेड बघून समोरच्या काकू खिडकीतून ओरडल्या, "कोण आहे तिकडे?"

"मीच," अप्पा म्हणाले. "लग्न लावतोय."

काकूंनी खिडकी लावून घेतली. पुढचे आठ दिवस बाजारात मला लोक विचारत होते, घरात कुणाचं लग्न निघालंय का.

आता शिक्क्याची गोष्ट. लग्नानंतर बारा ते पंधरा दिवसांत दुधी काढला तर कोवळा, पुढे तो राठ होत जातो. पण चाळीस दुधींत कुणाचं लग्न कधी झालं हे लक्षात कसं ठेवायचं? अप्पांनी वही केली, पण वहीतल्या दुधीची वेलावरच्या दुधीशी गाठ पडेना. शेवटी त्यांच्यातला पोस्टमास्तर जागा झाला. फळ बोटाएवढं झालं की ते त्याच्यावर टाचणीने लग्नाची तारीख कोरू लागले. कोवळ्या सालीवर ओरखडा काढला तर तो भरून येतो, पण खूण राहते, आणि फळाबरोबर खूणही वाढते. कोरताना अक्षर मुंगीएवढं असायचं. दुधी उतरवायला जावं तर तीच तारीख दुकानाच्या पाटीएवढी. पहिल्या वर्षी नुसती तारीख होती. दुसऱ्या वर्षी खाली 'दापोली' आलं. तिसऱ्या वर्षी पिनकोड. आमच्या परसातला दुधी आता पार्सलच्या खिडकीवर ठेवला तर बिनतक्रार पुढे जाईल.

ऑगस्ट उजाडला की रोज सकाळी अप्पा टोपली भरून आत आणतात आणि ओट्यावर ठेवून म्हणतात, "एकदम ताजी!" खरंच असते. दुधीवर लव असते, भेंडी देठाशी ओली असते, काकडीच्या टोकाला सुकलेलं फूल तसंच असतं. ही भाजी त्याच वेळी चुलीवर चढली तर काय चव लागेल, असं मला रोज वाटतं. वाटतं तेवढंच. कारण आमच्या घरात ताजी भाजी खात नाहीत.

सांगते. सासूबाई जन्माने आणि लग्नाने दोन्हीकडून हापूसवाल्या. आंब्याच्या घरात एक नियम असतो, डागी आधी. आढीतला जो आंबा टेकायला आला, काळा पडला, तो आधी खायचा, चांगला ठेवायचा. चांगला उद्या डागी होतो, मग तो खायचा. सासूबाईंना सत्तर आंब्याचे मोसम आठवतात, पण न डागलेला हापूस खाल्लेला आठवत नाही. तोच कायदा त्यांनी भाजीला लावला. अप्पांनी टोपली आणली की त्या आतून विचारतात, "कालचं संपलं का?" कालचं संपलेलं नसतं, कारण काल परवाचं संपवत होतो. मग आजची टोपली खाली सरकते, तिच्यावर ओलं फडकं पडतं, आणि कालची वर येते. असे आम्ही ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत स्वतःच्याच परसाच्या दोन दिवस मागून चालत असतो. बाजारात चार दिवसांची भाजी आणणारी माझी मैत्रीण आमच्यापेक्षा ताजं खाते.

एरवी अप्पांचं आणि सासूबाईंचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. पण या एका बाबतीत दोघांचं एकमत. साठलेला बटवडा टाकून आजची डाक हातात घ्यायची नाही, हे पोस्टाचं तत्त्व. एकदा आमचे हे जेवताना सहज म्हणाले, "एक दिवस सगळं जुनं गुरांना घालू या आणि नव्याने सुरुवात करू या. म्हणजे पुढे रोज ताजं." पानावर अशी शांतता पसरली, जणू त्यांनी घर विकायची गोष्ट काढली होती. सासूबाईंनी त्यांच्या पानात आणखी एक पळी दुधी वाढला.

तर दुधी. दुधीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ज्या दिवसांत आभाळ, विहीर, पन्हळ, पायपुसणं सगळीकडून पाणीच चाललेलं असतं, त्या दिवसांत निसर्ग आणखी पाणीच फळाच्या रूपाने का पाठवतो, हे मला कळलेलं नाही. चणाडाळ घालून भाजी, दाण्याचं कूट घालून भाजी, खोबरं घालून भाजी. दह्यातलं भरीत. सालांची तीळ घालून चटणी. किसून थालिपीठ, किसून मुटके, किसून वड्या, किसून खीर. हलवा झाला की मुलं पहिल्या दिवशी आनंदाने नाचली होती. चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, "आज गोड नको, शिक्षा म्हणून काहीतरी दुसरं दे." डोशाच्या पिठात दुधी गेला. केकमध्ये गेला. आता धाकट्याला कशावरच विश्वास उरलेला नाही. परवा पानात नुसता वरणभात होता. चमच्याने उलटापालटा करून त्याने विचारलं, "यात कुठेय?" नाहीये, म्हटल्यावर जास्तच घाबरला.

एक गोष्ट मात्र आम्ही पाळतो. चिरण्याआधी प्रत्येक दुधीची चकती कच्ची चाखायची. कडू लागली तर तो दुधी सरळ टाकायचा. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत, जिवालाही मुकली आहेत. फोडणी टाकून कडवटपणा झाकायचा विषय नाही तो. आंब्याची कोयही चोखल्याशिवाय न टाकणाऱ्या सासूबाई इथे एका शब्दानेही मोडता घालत नाहीत. चाखायचं काम अप्पांकडे. सकाळी दात घासून झाल्यावर ते खुर्चीत बसतात, आम्ही चकत्या पुढे करतो, ते डोळे मिटून चघळतात आणि निकाल देतात. चार वर्षांत दोनच कडू निघाले. ते लागले त्या दिवशी घरातल्या एकदोघांचे चेहरे उजळले होते. नावं सांगत नाही.

आपल्याला संपत नाही म्हटल्यावर माणूस वाटायला निघतो. अप्पांनी गावाचे तीन बीट पाडले. सोमवार-गुरुवार वरची आळी, मंगळवार-शुक्रवार खालची, बुधवारी बाजारपेठ. खांद्यावर तीच जुनी खाकी पिशवी. पहिल्या आठवड्यात लोकांनी दारात येऊन स्वागत केलं, चहा पाजला. दुसऱ्या आठवड्यात चहा गेला. तिसऱ्या आठवड्यात अप्पा वळणावर दिसले की घराघरांतून कड्या लागल्याचा आवाज यायचा. पण चौतीस वर्षं बटवड्यात काढलेल्या माणसाला बंद दार म्हणजे नवल नव्हे. ते दुधी पायरीवर ठेवून येत.

त्यात आपली ती रीत. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. काकूंना वाडग्यातून चिरलेला दुधी दिला तर वाडगा भरूनच येणार. आणि ऑगस्टात काकूंकडे भरायला काय असणार? पडवळ. गुरुजींकडे? दोडकी. खालच्या आळीत? अळू. मृगाला सगळ्यांनीच पेरलेलं असतं. सकाळी चार किलो बाहेर गेलं की संध्याकाळी साडेचार किलो घरात येतं, वर डबे ज्याचे त्याला पोचवायचे ते वेगळंच. पडवळ तर पिशवीत मावत नाही. सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात, आणि ते इतकं सरळ वाढतं की दारातून तिरकं करून आत घ्यावं लागतं. काकूंनी एकदा दगडासकट दिलं होतं. दगड परत करताना भांड्याचा नियम लागू होतो का, यावर घरात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी दगडाबरोबर दोन दुधी गेले.

एका सकाळी वानरं आली. मांडवावर सात-आठ जण पंगतीला बसल्यासारखी. काकड्या संपवल्या, मक्याची कणसं सोलून खाल्ली, कोवळी भेंडी शेंड्यापासून मोडून मोडून, अगदी बाजारात बायका निवडतात तशी. त्यातल्या एका हुप्प्याने एक दुधी तोडला, मांडीवर घेतला, उलटापालटा करून शिक्का पाहिला, एक चावा घेतला. मग खाली उतरून तो दुधी मागच्या पायरीवर ठेवला आणि गेला. अप्पांच्या मनाला ते फार लागलं. काकड्या गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

मात्र वर्षातला एक दिवस या घरात ताजी भाजी होते. ऋषिपंचमी. गणपतीच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून शेतातलं धान्य नाही, फक्त हातांनी परसात लावलेलं आणि आपणहून उगवलेलं. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरणाचा तुकडा, मक्याचं कणीस, आंबटाला अंबाडे. आणि आदल्या दिवशी घरात मोदक असतात, टोपलीला कुणी हात लावत नाही. शिवाय ऋषींना कालचं वाढायचं कसं? तेव्हा त्या एका दिवशी सासूबाईंना आपला कायदा बाजूला ठेवावा लागतो.

यंदा त्या सकाळी पाऊस थांबला होता. आम्ही सगळेच परसात उतरलो. थोरलीने भेंडी काढली, हाताला कूस लागली म्हणून कुरकुरली, तरी काढत राहिली. धाकट्याला अळूच्या पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा पळवायचा होता. त्याला अप्पांनी पंधरा थेंब मोजून दिले. यांनी सुरण खणताना कोयता पायावर पाडला, पण बूट होता. सासूबाई आणि मी ओट्यावर चिरायला बसलो. अळू चिरताना हाताला चिंच लावून घ्यायची, नाहीतर खाजतं. अळूत काचेच्या सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. आंबट घातल्याशिवाय अळू घशाखाली उतरवायचं नाही ते याचसाठी. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात मी मिरजेच्या हिमतीवर बिनआंबटाचं अळू केलं होतं. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी भांडलं नाही, बोलताच येत नव्हतं.

भाजीला फोडणी नाही, मसाला नाही. मीठ, हिरवी मिरची, ओलं खोबरं. पानात वाढली तेव्हा वेलावरून उतरून तिला दोन तासही झाले नव्हते. भेंडीला भेंडीची चव होती. सांगायला वेड्यासारखं वाटतं, पण मला ती विसरायला झाली होती. भोपळा गोड, अंबाडा आंबट, कणसाचा दाणा दाताखाली फुटायचा आणि दूध सुटायचं. पानावर कुणी बोलेना. धाकट्याने दोनदा मागून घेतली. मग अर्ध्यावर थांबून त्याने सगळी भाजी बारकाईने चिवडून पाहिली आणि आश्चर्याने म्हणाला, "दुधी नाहीये!" सासूबाईंनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "अशी रोज व्हायला हवी, नाही?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा टोपली घेऊन आत आले, आणि आतून आवाज आला, "परवाचं संपलं का?"

पितृपक्षात शाळेतून येताना थोरलीच्या हातात एक पिशवी होती. "बाईंनी दिलंय. म्हणाल्या, घरी दे, आमच्याकडे संपत नाही." पिशवीत दुधी होता. मोठा, जाड सालीचा, देठ वाळलेलं. त्याच्या पोटावर चार बोटं उंचीच्या अक्षरात २५-७, खाली दापोली, खाली ४१५७१२.

अप्पांनी चष्मा लावला. वही काढली. पानाआड लपून राहिलेला हा दुधी मुदत टळल्यावर २० ऑगस्टला सापडला होता, नि त्याच दिवशी समोरच्या काकूंच्या पायरीवर पोचता झाला होता. मग चौकशी सुरू झाली. काकूंनी तो जालगावच्या बहिणीला दिला. बहिणीने दूधवाल्याला. दूधवाल्याने खालच्या आळीत एका घरी दोन दिवस दूध चुकवल्याबद्दल भरपाई म्हणून. त्या घरच्या मुलाने शिक्षकदिनाला बाईंना. पाच घरं फिरला. पाचही घरांनी तो शिक्का वाचला होता. अख्ख्या दापोलीत असा शिक्का मारणारा माणूस एकच, हे पाचही घरांना माहीत होतं. पण मास्तरांच्या दारात येऊन "घ्या तुमचं परत" म्हणायची हिंमत कुणाला झाली नव्हती. ती शाळकरी मुलीकडून करवून घेतली.

मला वाटलं, अप्पांना वाईट वाटेल. अप्पा उलट खुलले. "सव्वा महिना प्रवासात होता," ते म्हणाले, "पण गहाळ नाही झाला." वहीत त्या दिवसाची तारीख घालून त्यांनी पुढे लिहिलं, 'पाठवणाऱ्यास परत', आणि सही केली.

सगळे त्या दुधीभोवती जमले होते. त्याची साल नखाला दाद देईना. वजनाला हलका झाला होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी तो उचलून मांडीवर घेतला आणि मिरजेच्या त्या म्हाताऱ्यांसारखी टिचकी मारून कान लावला. घरातलं कुणी बोललं नाही. ओट्यावरचा नळसुद्धा यांनी बंद केला.

"काय म्हणतोय?" अप्पांनी हळूच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "जुना आहे."

सासूबाईंनी पायाने विळी पुढे ओढली. "मग आधी तोच आण इकडे."